कुरळीचं पाणी

कल्चर रूम रिकामी करायची, असं मार्चमध्ये ठरलं. येलहंक्याजवळच्या आमच्या संस्थेच्या जुन्या इमारतीत तळमजल्याला ही सूक्ष्मजीव वाढवायची खोली आहे. भिंतीला लागून लोखंडी रॅक, रॅकला ट्यूबलाइट आणि त्यांच्या उजेडात काचेचे हिरवे फ्लास्क. तिथे आता मोठे फ्रीझर येणार होते. विभागप्रमुख सुप्रीता मॅडम मला म्हणाल्या की बाकीचं सगळं टाकून दे, फक्त लोणारचं कल्चर सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहात जायला हवं. संग्रहवाले कल्चर जिवंत आणि शुद्ध असल्याची खात्री मागतात. तेवढी तपासणी मी करायची होती. मुदत मेअखेर.

मी निपाणीची. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करून या संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले त्याला तेव्हा आठ-नऊ महिने झाले होते. लोणारचं कल्चर म्हणजे काय हे मला माहीत होतं, कारण मुलाखतीतच मला त्यावर प्रश्न विचारला होता. लोणार सरोवराचं पाणी कपडे धुण्याच्या सोड्यासारखं, अल्कधर्मी. त्यात मासे नाहीत, साधं शेवाळ नाही. पण ज्यांना तेच पाणी मानवतं असे सूक्ष्मजीव मात्र भरपूर. डॉ. हेमलता यांनी तरुणपणी तिथून एक निळं-हिरवं शेवाळ वेगळं केलं होतं. त्याचा प्रत्येक तंतू स्प्रिंगसारखा, घट्ट वेटोळ्यांचा. वेटोळ्यांचा असा घट्टपणा दुसऱ्या कुठल्या सरोवरातल्या जातीत दिसला नव्हता. कागदोपत्री त्याला नंबर होता, पण लॅबमध्ये सगळे 'कुरळी'च म्हणत. आमचे लॅब अटेंडंट शिवकुमार कानडी, त्यांनाही हा एक मराठी शब्द येत होता.

गेल्या तीन हिवाळ्यांत लोणारहून आलेल्या एकाही नमुन्यात कुरळी सापडली नव्हती. हेमलता मॅडमनी पूर्वी दोन प्रयोगशाळांना तिचा वाण दिला होता. एकीने तो मरू दिला, दुसरीने कधी टाकून दिला हे तिथे कुणालाच आठवत नव्हतं. म्हणजे जगात ती उरली होती ती आमच्या रॅकवर, सहा फ्लास्कमध्ये.

हेमलता मॅडमना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. त्या जे. पी. नगरला राहतात, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. डोळ्यांच्या मध्यभागाची नजर गेल्यामुळे मायक्रोस्कोप त्यांनी केव्हाच सोडला होता, पण आठवड्यातून एकदा लॅबला फोन करायच्या. मी आल्यापासून तो फोन माझ्याकडे यायचा. कुरळी कशी आहे, असं त्या विचारत, घरच्या माणसाबद्दल विचारावं तसं. मी म्हणायची, छान हिरवी आहे. ते खरंच होतं.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी मी सहाही फ्लास्कमधले थेंब स्लाइडवर घेतले. तंतू भरपूर होते. तजेलदार, निळसर हिरवे. सगळे सरळ.

आधी मी घाबरले नाही. ही जात प्रयोगशाळेत वाढवली की कधी कधी वेटोळी सोडून सरळ होते, हे मी वाचलं होतं. त्याचं कारण अजून नीट कळलेलं नाही. पण संग्रहाला द्यायचं ते वेटोळ्यांसाठीच, म्हणून हे हेमलता मॅडमना विचारायला हवं होतं. फोनवर हे बोलणं मला बरं वाटेना. रविवारी मी बस आणि मेट्रो करत जे. पी. नगरला गेले.

दार त्यांचे यजमान अरविंदकाकांनी उघडलं. ते सरकारी कंपनीत इंजिनिअर होते. नोकरीसाठी सोलापूरहून बंगळुरूला आले ते इथलेच झाले. मी लॅबमधून आले म्हटल्यावर त्यांनी आत वळून हाक मारली, "अगं, तुझ्या लेकीच्या शाळेतून बाई आल्यात. काहीतरी तक्रार दिसतेय."

मॅडम बाहेर आल्या. माझ्याकडे सरळ न बघता जरा बाजूला बघत होत्या. तसं बघितलं की त्यांना चेहरा दिसतो. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या चक्क हसल्या.

"सरळ झाली? माजली असेल. सुखात ठेवलं की असंच करतात त्या."

मग त्यांनी मला कुरळीला पाणी देण्याची पद्धत समजावून सांगितली. ती मला माहीत होती, पण तिच्यामागचं कारण माहीत नव्हतं. सगळ्या प्रयोगशाळा असं शेवाळ वजन करून घातलेल्या क्षारांच्या पाण्यात वाढवतात. मॅडमनी सुरुवातीला तेच केलं, आणि वर्षभरात तंतू सैल पडायला लागले. तेव्हा त्यांनी ठरवलं की हिला हिचंच पाणी द्यायचं. लोणारच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांमार्फत दर हिवाळ्यात सरोवराच्या पाण्याचे कॅन यायला लागले. ते पाणी उकळायचं नाही, कारण उकळलं की त्यातले क्षार बदलतात आणि तळाशी पांढरा साका बसतो. नुसतं गाळणकागदातून गाळून घ्यायचं. वेटोळी टिकली. त्यांच्यानंतर लॅबमध्ये माणसं बदलली, विषय बदलले, पण ही रीत कुणी मोडली नाही. संक्रांतीच्या सुमाराला कॅन येत, शिवकुमार पाणी गाळत, कुरळी नव्या पाण्यात जाई.

"पण न उकळता?" मी विचारलं. "दुसरं काही आत शिरलं तर?"

"शिरेल की. जगायचं कसं त्याने?" त्या म्हणाल्या. "ते पाणी म्हणजेच कुलूप आहे, यशश्री. त्यात दुसरं काही तग धरत नाही. तीस वर्षांत आम्हाला कधी दुसरं कुलूप लागलं नाही."

त्यांनी मला उपाय दिला. त्यांच्या पहिल्या वर्षी सरोवराचं पाणी जसं होतं अगदी तसं पाणी वजन करून बनवायचं, थोडे दिवस त्यात ठेवायचं. आपल्या पाण्याचा तिखटपणा आठवला की येईल वळणावर. क्षारांची मापं त्यांनी तोंडपाठ सांगितली: धुण्याचा सोडा किती, खाण्याचा सोडा किती, मीठ किती, पोटॅश, फॉस्फेट, चिमूटभर लोह. एकदाही अडखळल्या नाहीत. काका चहा घेऊन आले, म्हणाले की एवढ्या वर्षांत हिला माझ्या चहात साखर किती हे पाठ झालेलं नाही. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही सरळच आहात ना. वेटोळी असती तर लक्षात ठेवलं असतं."

निघताना त्या जिन्यापर्यंत आल्या. संग्रहात एकदा गेली की उणे दीडशे अंशांच्या खाली गोठून राहील, म्हणाल्या. मग सरोवराचं काहीही होवो. कधी कुणाला पाणी सुधारायचं सुचलं, तर परत सोडायला बी असेल. "एवढं झालं की माझं काम संपलं," असं त्या म्हणाल्या. आवाजात दुःख नव्हतं. कामाचा आनंदच होता.

मी पाणी बनवलं. पीएच बरोबर साडेदहा आला. त्यात कुरळीचा थोडा भाग घातला आणि फ्लास्क रॅकवर ठेवला. दुसऱ्या दिवशी रंग किंचित फिका वाटला. तिसऱ्या दिवशी तो पिवळट होता. त्या आठवड्याच्या शेवटी तळाशी राखाडी गाळ बसला होता आणि वर स्वच्छ पाणी होतं. गाळ स्लाइडवर घेतला तर पेशींची रिकामी टरफलं, दुसरं काही नाही.

माझी चूक झाली असेल म्हणून मी पुन्हा नवं पाणी बनवलं, नवे क्षार उघडून. पुन्हा तेच. आपल्या घरच्या पाण्यात गेल्याबरोबर ती मेली होती.

तेव्हा मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं ते केलं. कोपऱ्यात या वर्षीचा कॅन अर्धा शिल्लक होता. त्या पाण्याचा पीएच मोजला. नवाच्या जरा खाली. पीएचची मोजपट्टी अशी असते की एक घर खाली उतरलं की तीव्रता दहापट कमी होते. दीड घर म्हणजे तीसपटीहून जास्त. मागच्या वर्षीच्या कॅनच्या तळाशी थोडं पाणी होतं, ते साधारण सव्वानऊ भरलं. त्याआधीचे कॅन धुऊन पुन्हा पाठवले गेले होते. क्षारही अर्ध्याहून कमी झाले होते.

सरोवराचं काय होतंय हे सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होतं. एका उन्हाळ्यात पाणी इतकं आटलं की गुलाबी झालं, तेव्हा सगळ्या पेपरांत फोटो आले. पुढची वर्षं पावसाची; पाणी चढलं, काठ बुडाला. गावाचं सांडपाणी आत येतं, वरच्या शेतांतलं खत आत येतं, झऱ्यांचं गोडं पाणी येतं. खारं पाणी वर्षागणिक पातळ होत जातंय. हे मी सरोवराबद्दल वाचलेलं होतं. पण तेच पातळ होणारं पाणी दर संक्रांतीला आमच्या खोलीत कॅनमधून येत होतं आणि आम्ही ते मोठ्या काळजीने गाळून कुरळीला देत होतो, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं. सरोवर ज्या पायऱ्या उतरलं, त्याच पायऱ्यांनी आम्ही तिला हात धरून उतरवलं. आणि पाणी पातळ झाल्यावर ते कुलूप उरलं नव्हतं.

डीएनए तपासायला दिला. निकाल यायच्या आत मी एक गोष्ट केली, निव्वळ शंका म्हणून. जे. पी. नगरला मॅडमच्या इमारतीमागे एक तळं आहे. सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी वाट, बाक, आणि कडेला फेसाळ हिरवं पाणी. मी तिथलं थोडं पाणी बाटलीत घेतलं. वर त्यांच्या घरी न जाता परत फिरले. त्यांच्या खिडकीखालून जाताना मान खाली घातली होती. लॅबमध्ये दोन स्लाइड शेजारी शेजारी ठेवल्या. एक आमचं लोणारचं कल्चर, दुसरी जे. पी. नगरचं तळं. शिवकुमारअण्णांना बोलावून विचारलं, यातलं कुरळीचं कुठलं? त्यांनी दोन्ही पाहिल्या, चष्मा पुसून पुन्हा पाहिल्या आणि कानडीत म्हणाले की परीक्षा घेतेस का, दोन्ही एकच तर आहेत.

त्यातली एक तळ्याची आहे हे मी सांगितलं तेव्हा ते खुर्चीवर बसले. गेली कित्येक वर्षं दर महिन्याला जुन्या फ्लास्कमधून नव्या फ्लास्कमध्ये, हिरव्यातून हिरव्यात, बदली त्यांनीच केली होती. त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांना जसं शिकवलं तसंच, एकदाही न चुकवता त्यांनी केलं होतं. सुप्रीता मॅडमच्या काळात मायक्रोस्कोपखाली बघायचं कुणाचं कामच नव्हतं. एखाद्याने बघितलंच, तर सरळ तंतू दिसले असतील आणि त्याने माझ्यासारखंच वाचलेलं आठवलं असेल, की ही जात सरळ होते कधी कधी.

डीएनएचा निकाल आला. शहरांच्या सांडपाण्याच्या तळ्यांत सापडणारं नेहमीचं शेवाळ. कुरळीचा अंशही नाही.

या वेळी मी आधी फोन केला आणि येते म्हणाले. मॅडमनी बहुधा आवाजावरून ओळखलं. मी गेले तेव्हा काका विनोद न करता आत निघून गेले. मी सगळं क्रमाने सांगितलं: पाणी, पीएच, डीएनए. तळ्याचंही सांगितलं, कारण ते लपवणं मला जमलं नसतं. त्या खिडकीकडे बघत होत्या, म्हणजे बहुधा माझ्याकडे.

"कधी गेली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ते आता कळणार नाही. जुने नमुने ठेवलेले नाहीत. पाच वर्षांपूर्वी असेल, दहाही असतील. एका दिवसात झालं नसणार. दोघी बराच काळ एकाच फ्लास्कमध्ये असतील, एक वाढत आणि एक कमी होत.

"म्हणजे मी फोनवर चौकशी करत होते ती कुणाची?"

मग त्या म्हणाल्या, "साधे वजन करून क्षार घातले असते तर सैल पडली असती, सरळ झाली असती. पण तीच असती." मी म्हटलं की तेव्हा तुमच्याकडे जी माहिती होती त्यावरून निर्णय बरोबर होता. त्यांनी हात हलवला. असली समजूत त्यांनी स्वतः कित्येक विद्यार्थ्यांना घातली असणार.

निघायच्या वेळी त्यांनी एक शेवटचा प्रयत्न सुचवला, आणि तो खरंच करण्यासारखा होता. सहा फ्लास्क घ्यायचे. पहिल्यात आजच्या सरोवरासारखं पातळ पाणी, मग एकेक पायरी चढवत सहाव्यात मूळचं पाणी. प्रत्येकात आपल्या सगळ्या कल्चरमधला मोठा भाग घालायचा. लाखात एखादा कुरळीचा तंतू अजून दबून राहिला असेल, तर गर्दी मेल्यावर त्याला जागा मिळेल. वरच्या पायऱ्यांवर तो दिसेल. डीएनएच्या तपासणीतून इतकं थोडं निसटू शकतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. लोणारहून मी पुन्हा नमुनाही मागवला आणि त्यातला गाळ त्यात मिसळला.

मे महिना त्यात गेला. बंगळुरूला उन्हाळा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही; खोलीचा एसी कमी पडायचा, अण्णा दुपारी फ्लास्कवर ओलं फडकं टाकायचे. मी रोज स्लाइड बघत होते. पहिला आणि दुसरा फ्लास्क जोमाने हिरवा. तिसरा फिका. चौथ्यात काही दिवस धुगधुगी राहिली, मग तीही गेली. पाचवा आणि सहावा आठवड्यातच स्वच्छ झाले. मी त्यांचा तळ खरवडून पाहिला, गाळणकागद धुऊन पाहिला. मुदत संपत आली तेव्हा मी संग्रहाला कळवलं की आमच्याकडून काही येणार नाही. मग मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, मी येते.

शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत यायला दोघांना टॅक्सीने दोन तास लागले. काका व्हरांड्यात थांबले. मॅडम भिंतीला हात लावत कल्चर रूममध्ये आल्या. बारा वर्षांनी येत होत्या, तरी दाराचा उंबरा त्यांनी न बघता ओलांडला. बाकीचे रॅक तोवर हलवले होते. एका रॅकवर सहा फ्लास्क ओळीने होते. अण्णांनी त्यांना नमस्कार केला. मॅडमनी अण्णांच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली, मग त्या रॅककडे वळल्या.

"आजचं सरोवर यातलं कुठलं?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांचा हात धरून पहिल्या फ्लास्कवर ठेवला. त्यांनी मान वाकडी करून तो पाहिला. छान हिरवा आहे, म्हणाल्या. मग बोटांनी एकेक फ्लास्क मोजत त्या सहाव्यापर्यंत गेल्या. तो उजेडासमोर धरला. आत पाणी होतं आणि पलीकडे ट्यूबलाइट दिसत होती.

त्यांनी कापसाचा बोळा काढला आणि फ्लास्क नाकाशी नेला. मी म्हटलं, जपून, तीव्र आहे. त्यांनी पुन्हा वास घेतला.

"याला वासच नाही," त्या म्हणाल्या.

"सोड्याला नसतो मॅडम."

"लोणारला विवराच्या कडेवर उभं राहिलं की खालून वास यायचा. डबा खाववत नसे. पहिल्या वर्षी मला वाटलं, पाण्याचा आहे. तो त्यात जगणाऱ्यांचा होता." त्यांनी फ्लास्क खाली घेतला. "मापं तर बरोबर घातलीस ना तू?"

मी म्हटलं, सगळी बरोबर आहेत. तुम्ही सांगितलीत तशी. दोनदा तपासली.

त्यांनी मान हलवली. याचं आता काय करणार, असं विचारलं. मी सांगितलं की हिरवे फ्लास्क आधी ऑटोक्लेव्हमध्ये जातील, म्हणजे त्यांतलं सगळं मरेल, मगच टाकता येतील. पाचवा आणि सहावा तसेच ओतले तरी चालतील. आत काही नाही.

"मग हा मी ओतते," त्या म्हणाल्या.

बेसिनपर्यंत मी त्यांना नेलं. त्यांनी फ्लास्क हळूहळू तिरका केला, शेवटचा थेंब जाईपर्यंत धरला, मग चाचपत नळ शोधला आणि सोडला. तीव्र अल्कली ओतली की मागून भरपूर साधं पाणी सोडायचं असतं. हे लॅबमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात, आणि या लॅबमध्ये ते त्यांनीच शिकवलं होतं. पाणी वाहत राहिलं. पुरे इतकं झाल्यावरही त्या तशाच उभ्या होत्या, रिकामा फ्लास्क हातात धरून. अण्णा नळ बंद करायला पुढे आले. मी त्यांना राहू द्या म्हणून खूण केली.